सीएपीडी: नोकरी टिकवायची असेल तर ही पिशवी कितपत कामाची?

किडनी निकामी झाल्यावर डॉक्टर डायलिसिसचा विषय काढतात, तेव्हा घरात पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि दुसरा नोकरीचा. दुसऱ्याचं उत्तर आपण कोणतं डायलिसिस निवडतो यावर बरंचसं ठरतं, पण निवड करायच्या आधी हे फारसं कुणी समजावून सांगत नाही. पोटाचं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, याचा हा आढावा फक्त नोकरीच्या बाजूने घेतला आहे. निकाल आधीच सांगून टाकायचा तर असा: बैठं किंवा हलकं काम, घरात एक स्वच्छ कोपरा आणि हात धुण्याचा नेम न मोडणारा माणूस, या तीन गोष्टी असतील तर नोकरदारासाठी आज यापेक्षा सोयीचा पर्याय नाही. आपल्याकडे बहुतेक पेशंट सरळ मशीनवर, म्हणजे सेंटरमध्ये रक्त गाळणाऱ्या हीमोडायलिसिसवर, जातात. त्यातल्या कितीतरी जणांना पिशवीचा पर्याय आधी दाखवायला हवा होता.

पद्धत थोडक्यात अशी. बेंबीच्या बाजूला पोटात एक मऊ नळी, म्हणजे कॅथेटर, बसवतात. तिच्यातून पिशवीतला दोन लिटर द्रव पोटात सोडायचा, चार ते सहा तास ठेवायचा, मग काढून टाकायचा आणि नवा भरायचा. या अदलाबदलीला सगळे एक्स्चेंज म्हणतात. पोटाच्या आतलं पातळ आवरणच गाळणीचं काम करतं. दिवसाला तीन किंवा चार एक्स्चेंज लागतात. मशीन नाही, सुई नाही, वीज नाही. जिथे दुपारी तीन तास लाइट जाते तिथेही हे चालतं.

वेळ वाचतो असं सांगून सीएपीडी गळ्यात मारली जाते, ते मात्र खरं नाही. हिशोब करून पाहा. हीमोडायलिसिसचं सत्र चार तासांचं. वजन, बीपी, सुया लावणं, शेवटी रक्त थांबेपर्यंत दाबून धरणं धरून साडेपाच तास. आठवड्याला तीन सत्रं म्हणजे साडेसोळा तास, प्रवास वेगळा. सीएपीडीचं एक एक्स्चेंज पस्तीस मिनिटांचं; रोज चार म्हणजे दोन तास वीस मिनिटं, आठवड्याला सोळा तासांच्या वर. तास जवळपास तेवढेच आहेत. पण मशीनवरचे तास आठवड्यातल्या तीन दिवसांच्या ऐन मध्यात पडतात, आणि पिशवीचे तास सकाळी सातच्या आत, संध्याकाळी घरी आल्यावर आणि झोपण्याआधी. ऑफिसच्या वेळेत येतं ते एकच, दुपारचं. मस्टरवर दिसणारा फरक एवढ्यानेच पडतो.

दुसरा फरक अंगातल्या ताकदीचा. मशीनवर चार तासांत दोन-तीन लिटर पाणी ओढलं जातं, त्यामुळे बीपी खाली येतं, पायात गोळे येतात, डोकं जड होतं. अनेकांचा उरलेला दिवस आडवं पडण्यातच जातो. शिवाय सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या वेळापत्रकात शुक्रवारनंतर थेट सोमवार उजाडतो. या लांब खंडात पाणी आणि पोटॅशियम दोन्ही साठतात, आणि आठवड्याची पहिलीच सकाळ सगळ्यात वाईट जाते. पिशवीने पाणी चोवीस तास थोडं थोडं निघतं, त्यामुळे सोमवार आणि गुरुवार सारखेच जातात. खाण्यातही मोकळीक राहते: मशीनवाल्यांना केळं, नारळपाणी, भाज्यांचं सूप जपून घ्यावं लागतं, तर सीएपीडीत उलट कित्येकांचं पोटॅशियम कमी पडतं. तरीही थकवा राहिलाच, तर डायलिसिसला दोष द्यायच्या आधी हिमोग्लोबिन पाहावं. दहाच्या खाली असेल तर रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन आणि लोहाचा साठा याबद्दल नेफ्रॉलॉजिस्टशी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांशी, बोलावं. जिने चढताना लागणाऱ्या धापेचं मूळ बरेचदा तिथेच असतं.

आता ऑफिसातलं दुपारचं एक्स्चेंज, कारण घोडं तिथेच अडतं. खोली मोठी लागत नाही. खुर्ची, छोटं टेबल आणि खांद्याच्या वर एक हुक मावेल एवढी पुरे. दाराला आतून कडी हवी आणि बेसिन जवळ हवं. रेकॉर्ड रूम चालत नाही, धूळ असते. टॉयलेटमध्ये तर कधीच करू नये. कंपनीची फर्स्ट एड रूम किंवा छोटी मीटिंग रूम सगळ्यात बरी. पंखा आणि एसी पंधरा मिनिटं आधी बंद करायचा, कारण वाऱ्याबरोबर उडणारी धूळ नळीच्या उघड्या तोंडावर बसते. पिशवी शरीराच्या तापमानाला आणायची ती कोरड्या उष्णतेने, म्हणजे हीटिंग पॅडवर. गरम पाण्याच्या बादलीत बुडवली तर वेष्टनाला लागलेली ओल जोडाशी पोचते. मायक्रोवेव्हमध्ये द्रव एका जागी चटका बसण्याइतका तापतो आणि वरून कळत नाही.

पिशवी हातात घेतली की साखरेची टक्केवारी, मुदत आणि द्रवाचा स्वच्छपणा बघायचा आणि दाबून गळते का ते तपासायचं. मग मास्क. घड्याळ आणि अंगठ्या काढून साबणाने हात धुवायचे, आणि धुण्याइतकंच महत्त्व कोरडे करण्याला द्यायचं. ओल्या बोटांवरून थेंब जोडावर उतरतो आणि जंतू सोबत नेतो. पोटाच्या नळीच्या टोकाला असलेल्या ट्रान्सफर सेटचं झाकण काढून पिशवीची नळी जोडेपर्यंतचे तीन-चार सेकंद खरे जोखमीचे. त्या वेळात बोलू नये, फोन उचलू नये, कुणी दार वाजवलं तरी मान वळवू नये. टोकाला बोट लागलंच तर पुसून पुढे जाऊ नये: क्लँप, म्हणजे नळी बंद करणारा चिमटा, बंद ठेवून नवं झाकण लावायचं आणि सेंटरच्या नर्सला फोन करायचा. ट्रान्सफर सेट बदलावा लागतो आणि बहुतेक वेळा अँटिबायोटिक देतात.

जोडणी झाली की आधी जुना द्रव खालच्या रिकाम्या पिशवीत सोडायचा, पंधरा-वीस मिनिटं. मग पोटाकडची चावी बंद ठेवून नव्या पिशवीतला द्रव पाच आकडे मोजेपर्यंत थेट खालच्या पिशवीत वाहू द्यायचा. या धारेने नळीतली हवा निघते आणि जोडाशी काही चिकटलं असेल तर तेही वाहून जातं. घाईत हीच पायरी गळते, आणि मग हवा पोटात गेली की खांदा दुखतो. त्यानंतर खालची नळी क्लँप करून पोट भरायचं, आठ-दहा मिनिटं. शेवटी नवं झाकण. जुनं झाकण स्वच्छ दिसलं तरी पुन्हा लावायचं नाही. आतल्या आयोडीनचं काम एकदाच होतं.

निघालेल्या पिशवीचं वजन करून वहीत लिहायचं. दोन लिटर घातले आणि तेवीसशे मिली निघाले, तर तीनशे मिली पाणी निघालं. पिशवीखाली वर्तमानपत्र धरून अक्षरं वाचता येतात का बघायचं. धूसर दिसली तर ती पिशवी फेकायची नाही, त्याच दिवशी सोबत घेऊन सेंटर गाठायचं; मीटिंग संपेपर्यंतही थांबू नये. पेरिटोनायटिस म्हणजे पोटाच्या आवरणाचा जंतुसंसर्ग, आणि सीएपीडीतला तो सगळ्यात मोठा धोका आहे. लवकर पकडला तर पिशवीतूनच अँटिबायोटिक देऊन दोन-तीन आठवड्यांत आवरतो आणि रजा सहसा थोड्या दिवसांची लागते. उशीर झाला तर कॅथेटर काढावं लागतं आणि महिनोन्‌महिने मशीनवर जावं लागतं. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे प्रमाण दर पेशंटमागे वर्षाला ०.४ च्या वर जाऊ नये, म्हणजे सरासरी अडीच वर्षांत एकदाच. सेंटर निवडताना त्यांचा स्वतःचा आकडा विचारावा. आकडा ठेवतच नसतील तर दुसरं सेंटर बघावं.

ऑफिसात खोली मिळणारच नसेल किंवा काम फिरतीचं असेल, तर आयकोडेक्स्ट्रिनची पिशवी हा मार्ग आहे. साखरेच्या नेहमीच्या पिशवीचा जोर चार-सहा तासांत ओसरतो. आयकोडेक्स्ट्रिन आठ ते बारा तास पाणी ओढत राहते. सकाळी सातला घातली की संध्याकाळी घरी येऊन काढायची, दुपार पूर्ण मोकळी. ती दिवसातून एकदाच वापरता येते, महाग पडते, आणि डायबेटिक पेशंटसाठी तिच्यात एक घातक खोड आहे. काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, ज्यांत जीडीएच-पीक्यूक्यू नावाचं एन्झाइम असतं, आयकोडेक्स्ट्रिन चालू असताना साखर खोटी जास्त दाखवतात. खरी साखर पन्नास आणि मीटरवर दीडशे, असं घडू शकतं, आणि त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन दिलं तर जीवावर बेतेल. पिशवी बंद केल्यानंतरही हा परिणाम काही दिवस ते दोन आठवडे टिकतो. म्हणून पट्टीच्या डबीवरचं एन्झाइमचं नाव वाचावं, आणि कंपनीच्या डॉक्टरांना व शेजारच्या टेबलावरच्या एका माणसाला हे सांगून ठेवावं.

तिसरी वाट एपीडीची. बेडशेजारी ठेवलेलं सायकलर मशीन रात्री झोपेत आठ ते दहा तास आपोआप अदलाबदल करतं. नोकरीसाठी हे उत्तमच, पण मशीन आणि त्याचे सेट यांचा खर्च वाढतो, वीज लागते आणि रात्री नळी वाकली की अलार्म वाजतो. साडेपाचची लोकल पकडणाऱ्याने दहा तासांची रात्र कुठून आणायची याचा आधी विचार करावा.

कामाच्या प्रकाराबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. बँक, शाळा, दुकानाचा गल्ला, आयटी, क्लार्क, शिवणकाम, सुपरवायझरी या कामांत सीएपीडी बसते. पोती, सिलिंडर, मशीनचे सुटे भाग उचलायचे असतील तर नाही: पोटात दोन लिटर द्रव असताना वजन उचललं की आतला दाब वाढतो आणि हर्निया होतो किंवा कॅथेटरच्या बाजूने द्रव झिरपतो. क्वचित कधी जड उचलणं टळतच नसेल तर आधी पोट रिकामं करावं, आणि मर्यादा किती किलोची हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. फाउंड्री, पिठाची गिरणी, गोठा अशा धुळीच्या किंवा घाणीच्या जागी एक्स्चेंज करता येत नाही. ते घरीच व्हावं अशी वेळ बसवावी लागते. पाळ्या बदलत असतील तर सगळं वेळापत्रक तेवढ्याने सरकवता येतं. एखादं एक्स्चेंज दोन तास पुढे गेलं तर बिघडत नाही, पण रोजचं एक गाळायची सवय लागली की दोन-तीन आठवड्यांत सूज आणि मळमळ दिसू लागते.

गर्दीच्या लोकलमध्ये धक्का लागून नळी ओढली जाणं हा नेहमीचा त्रास. नळी कापडी पट्ट्यात गुंडाळून पोटाशी सपाट ठेवावी आणि कमरेचा पट्टा किंवा निऱ्या कॅथेटरच्या तोंडावर येऊ देऊ नयेत. कॅथेटर बसवायच्या आधीच सर्जनला आपण पँट कुठे बांधतो, साडी कुठे नेसतो ते दाखवावं. तोंड कुठे काढायचं हे त्यांना तेव्हाच ठरवता येतं. उन्हाळ्यात घामाने तिथली त्वचा लाल होते, म्हणून संध्याकाळी घरी येताच ती जागा स्वच्छ करून कोरडी करावी. आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. ऐकायला साधं वाटतं, पण भरलेलं आतडं कॅथेटरला दाबतं आणि निचरा अडतो. पिशवी हळू निघते म्हणून येणाऱ्या फोनवर नर्स पहिला प्रश्न पोट साफ झालं का हाच विचारते.

डब्याबद्दल. पिशवीबरोबर रोज पाच ते दहा ग्रॅम प्रथिनं वाहून जातात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण साठ ते सत्तर ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि भाजी-पोळीच्या डब्यातून ती येत नाहीत. अंड्याचा पांढरा भाग, पनीर, मासे किंवा उसळीची वाढीव वाटी आहारतज्ज्ञाला विचारून घ्यावी. फॉस्फरस कमी ठेवणारी गोळी जेवणाबरोबरच घ्यायची असते, म्हणून ती डब्याच्या पिशवीतच ठेवावी. घरी राहिलेल्या गोळीचा दुपारच्या जेवणाला उपयोग नाही. पिशवीतली साखर अंगात शोषली जाते, त्यामुळे वजन आणि डायबेटिसवाल्यांचं इन्सुलिन दोन्ही वाढतं. २.५ आणि ४.२५ टक्क्यांची पिशवी जास्त पाणी ओढते म्हणून मनाने वापरू नये. तहान आवरून १.५ वर भागवणं पोटाच्या आवरणाच्या फायद्याचं.

माल घरी येतो, ही सेवेची जमेची बाजू. भारतात बॅक्स्टर (किडनीचा विभाग २०२५ मध्ये व्हँटिव्ह या नावाने वेगळा झाला) आणि फ्रेझेनियस ही दोन नावं जास्त ऐकू येतात. पण जागेचा विचार आधी करावा: रोज तीन पिशव्या म्हणजे महिन्याला नव्वद, नुसता द्रवच १८० लिटर, म्हणजे वजन १८० किलोच्या वर. वन रूम किचनमध्ये हा ढीग पलंगाखाली आणि भिंतीला लागून बसतो. लिफ्ट नसेल तर चौथ्या मजल्यावर खोकी कोण चढवणार हे ऑर्डर देतानाच ठरवावं. पावसाळ्यात खोकी जमिनीवर ठेवू नयेत, फळीवर ठेवावीत, कारण पुठ्ठा ओल धरतो आणि उंदीर कोपरे कुरतडतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत साठा नको. खोक्यावर छापलेलं तापमान पाहावं. आणि किमान दहा दिवसांचा माल शिल्लक असतानाच पुढची ऑर्डर द्यावी. महापूर, बंद, लागून आलेल्या सुट्ट्या यांत डिलिव्हरी अडकते आणि पिशवीला औषधाच्या दुकानात पर्याय मिळत नाही.

खर्चाच्या बाबतीत सीएपीडी कमी पडते. रोजच्या तीन पिशव्यांना महिन्याला साधारण वीस ते तीस हजार लागतात, औषधं आणि इंजेक्शनं वेगळी. मशीनचं डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यादीतल्या रुग्णालयांत मोफत होतं. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे, आणि घरच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वं त्यात २०१९ मध्ये आली. कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्समध्ये मशीनचं डायलिसिस डे-केअर म्हणून सहज मंजूर होतं, पण घरच्या पिशव्यांवर टीपीए, म्हणजे विम्याचे दावे हाताळणारी मधली कंपनी, अडून बसते. कॅथेटर बसवण्याआधी त्यांच्याकडून ईमेलवर लेखी घ्यावं. जुन्या करप्रणालीत कलम ८०डीडीबीखाली क्रॉनिक रीनल फेल्युअरच्या उपचारासाठी ४०,००० रुपयांपर्यंत, ज्येष्ठ नागरिकांसाठी १ लाखापर्यंत वजावट मिळत आली आहे. त्यासाठी नेफ्रॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवावं.

पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर आजारपणाचा भत्ता पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवस मिळतो. क्रॉनिक रीनल फेल्युअर दीर्घ आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे त्यापुढे ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंतचा वाढीव भत्ताही आहे. अट दोन वर्षांच्या सलग नोकरीची आणि ठरावीक दिवसांच्या वर्गणीची. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना बदलीच्या विशेष संवर्ग भाग १ मध्ये डायलिसिस चालू असलेल्यांची नोंद आहे, ती वापरावी. खासगी नोकरीत मात्र कायद्याचा आधार तोकडा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत किडनीचा आजार नाही. हा अन्याय दूर व्हायला हवा. तोवर सगळं डॉक्टरांच्या पत्रावर आणि साहेबांच्या समजूतदारपणावर चालतं.

म्हणून ते पत्र नेमकं असावं. ‘पेशंटला विश्रांतीची गरज आहे’ अशा पत्राने एचआर घाबरतं. त्याऐवजी लिहून घ्यावं: दुपारी एक ते दोनच्या दरम्यान चाळीस मिनिटं, आतून कडी असलेली स्वच्छ खोली, जड वजन उचलायचं नाही, महिन्यातून एक दिवस तपासणीची रजा, सहा महिन्यांतून एकदा ट्रान्सफर सेट बदलायला अर्धा दिवस. सुरुवातीला मात्र एकत्र रजा लागते. कॅथेटर बसल्यावर जखम भरायला साधारण दोन आठवडे, मग आठवडाभराचं प्रशिक्षण, आणि घरी हात बसेपर्यंत आणखी काही दिवस. तीन-चार आठवडे धरून चालावं. पुढे महिन्याभराने पेट टेस्ट होते, तिला चारेक तास लागतात. पोटाचं आवरण वेगाने गाळतं की सावकाश हे तिच्यातून कळतं आणि पिशव्यांच्या वेळा त्यावरून ठरतात. लघवी होत असते तोवर तीन एक्स्चेंज पुरतात. ती कमी होत गेली की चौथं वाढतं, हे ऑफिसला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पोटावर मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या असतील, न दुरुस्त होणारा हर्निया असेल, घरात स्वच्छ कोपरा शक्यच नसेल किंवा दिसत नसल्याने जोडणी जमत नसेल आणि मदतीला कुणी नसेल, तर हा पर्याय नको. तेव्हा मशीनच निवडावं, पण वेळ नोकरीच्या हिशोबाने मागावी. पाच दिवसांचा आठवडा असेल तर मंगळवार-गुरुवार-शनिवारचा स्लॉट मागावा, म्हणजे कामाचे दोनच दिवस कापले जातात. सेंटरची तिसरी शिफ्ट साधारण दुपारी चारला सुरू होऊन रात्री नऊला संपते. त्यासाठी सेंटर घराजवळचं घ्यावं, आणि परतताना स्वतः गाडी चालवू नये. फिस्टुला, म्हणजे मशीनच्या सुया लावण्यासाठी हातातली शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, लिहिण्याच्या हाताला नको, दुसऱ्या हाताला करून घ्यावा. तो पिकायला, म्हणजे वापरण्याजोगा व्हायला, सहा-आठ आठवडे लागतात. तेवढ्यात हिपॅटायटिस बीच्या लसीचे दुप्पट मात्रेचे डोस सुरू करावेत आणि शनिवारच्या स्लॉटसाठी सेंटरमध्ये नाव लावून ठेवावं.